श्रीसंत गाडगेबाबा : एका मद्यप्याच्या मुलाचें चरित्र

धर्मग्रामाच्या महोत्सवी अंकांत सत्पुरुषांचीं चरित्रें देण्याची चाल जुनीच आहे. मंदिराच्या भिंती उभ्या राहिल्या, घंटा चढली, शाळा निघाली, हें सर्व सांगून झाल्यावर भाविकांच्या घरांत काय घडलें, याचाहि विचार अशा वेळीं व्हावा, हें उचित होय. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या वस्तींत कारखाना, रेल्वे व कचेरी यांत राबणारीं कितीतरी कुटुंबें आहेत. त्यांपैकीं कोणत्या घरांचें सुख पेल्यांत बुडालें, हें त्या घरच्या मातांना व धर्मगुरूंना ठाऊक असतें; शेजाऱ्यांनाहि ठाऊक असतें, परंतु बोलण्याचा संकोच वाटतो. या अंकासाठीं ज्यांचें चरित्र निवडलें आहे, ते सत्पुरुष ख्रिस्ती नव्हते. तथापि मद्यानें उद्ध्वस्त झालेल्या घरांत ते वाढले, आणि त्या दुःखाचें त्यांनीं पुढें जें केलें, तें प्रत्येक ख्रिस्ती घरानें मनन करण्यासारखें आहे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजीं वऱ्हाडांत, अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें, एका परीट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. वडिलांचें नांव झिंगराजी जानोरकर, आईचें सखूबाई, आणि मुलाचें डेबूजी. घर अगदीं दरिद्री नव्हतें. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणें देवाचा नवस असो, लग्न असो, बारसें असो कीं मयत असो, बोकड व दारू यांवांचून कार्य पुरें होत नसे. जो पाजणार नाहीं तो कृपण, आणि जो पिणार नाहीं तो घमेंडखोर, अशी समजूत होती. झिंगराजीनें पहिला पेला घेतला तो अशाच पंक्तींत. देवाच्या नांवानें घेतलेला पेला पुढें मित्रांच्या नांवानें, मग कोणाच्याहि नांवावांचून चालूं झाला. पैसा गेला, घर खचलें, आणि शेवटीं प्रकृति ढासळली.

१८८४ च्या सुमारास झिंगराजी मरण पावला. डेबूजी तेव्हां आठ वर्षांचा होता. मरणापूर्वीं त्या अभागी पुरुषास आपली चूक पुरती उमगली होती. ज्या पंक्तींनीं आपला घात केला त्यांच्यापासून, आणि जे देव दारू-बोकड मागतात असें लोक मानतात त्यांच्यापासून, या मुलास दूर ठेव, असें त्यानें पत्नीस निक्षून सांगितलें, असें त्याचे चरित्रकार लिहितात. झिंगराजीपाशीं मुलास देण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नव्हतें. परंतु स्वतःच्या नाशाचें खरें कारण मुलाला सांगून जाणें, हेंहि एक प्रकारचें मृत्युपत्रच होय. आणि तें वाया गेलें नाहीं.

सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुरें या आपल्या माहेरीं आली. शाळेचें तोंड डेबूजीस दिसलें नाहीं. तो गुरें राखी, नदींत पोहे, रात्रीं भजनांत बसे, आणि वयांत आल्यावर मामाच्या शेतांत असा राबला कीं सर्वांनीं त्याचें कौतुक करावें. १८९२ सालीं कुंताबाईशीं त्याचा विवाह झाला. परंतु येथेंहि सुख टिकलें नाहीं. सावकाराच्या कर्जापायीं मामाची जमीन संकटांत आली, आणि कागदावरचें अक्षर न ओळखणाऱ्या शेतकऱ्याची कशी फसगत होते, तें तरुण डेबूजीनें डोळ्यांनीं पाहिलें. दारू, कर्ज आणि निरक्षरता हीं एकमेकांस हात देणारीं तीन भावंडें आहेत, हा धडा त्यास पुस्तकांतून नव्हे, तर दोन घरांच्या पडझडींतून मिळाला.

आतां ज्या प्रसंगासाठीं हें चरित्र मुख्यत्वें सांगावयाचें, त्याकडे वळूं. डेबूजीस पहिली कन्या झाली. तिचें नांव आलोका. बारशाचा दिवस ठरला, आप्त व जातभाई जमले. रीतीप्रमाणें बोकड कापला जाईल व दारूचीं मडकीं येतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. डेबूजीनें तसें कांहीं केलें नाहीं. त्यानें पाहुण्यांस गोडाचें, शाकाहारी जेवण वाढलें. नाराजी झाली, कुजबूज झाली, रीत मोडल्याचा ठपका आला. परंतु ज्या पंक्तीनें आपल्या बापाला गिळलें ती पंक्ति आपल्या मुलीच्या नांवानें बसवावयाची नाहीं, हा त्याचा निश्चय ढळला नाहीं.

वाचकहो, हा प्रसंग लहान दिसतो. येथें कोणी तुरुंगांत गेला नाहीं, कोणाचें रक्त सांडलें नाहीं. परंतु विचार करा. डेबूजी स्वतः दारू पीत नव्हता, आणि तेवढ्यावर तो समाधान मानूं शकला असता. आपण पिऊं नये, पण पाहुण्यांना पाजावें. लोकांना नाखूष कां करावें, असा सुलभ मार्ग त्याच्यापुढें मोकळा होता. त्यानें तो घेतला नाहीं. पिणाऱ्याचें दुःख हें एकट्याच्या दुबळेपणाचें फळ नसून पाजणाऱ्यांच्या रीतीचेंहि फळ आहे, हें त्यानें ओळखलें. म्हणून त्यानें आपली शपथ यजमानाच्या जागीं उभें राहून पाळली. पुढच्या पन्नास वर्षांच्या त्याच्या कार्याचें बीज या बारशांत आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजीं डेबूजीनें घर सोडलें. पुढें सुमारें बारा वर्षें तो महाराष्ट्रभर पायीं हिंडला. अंगावर चिंध्यांचें पांघरूण, हातांत खराटा, आणि जेवण्यास व पाणी पिण्यास मातीचें एक फुटकें गाडगें. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणूं लागले. ज्या गांवीं जावें तेथील रस्ते प्रथम झाडावे, कोणी भाकर दिली तर तिच्याबद्दल कांहींतरी काम करावें, आणि रात्रीं कीर्तनास उभें राहावें, हा त्यांचा क्रम होता. पायां पडणाऱ्यास ते जवळ येऊं देत नसत. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, असें ते म्हणत.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. बाबा निघून गेले, परंतु घर मागें राहिलें. वृद्ध सखूबाई, कुंताबाई आणि लेंकरें यांनीं जे दिवस काढले ते कष्टाचे होते. पुढें हजारों रुपये बाबांच्या शब्दावर गोळा झाले, धर्मशाळा बांधल्या गेल्या, तरी कुटुंबाला त्यांतील सुख त्यांनीं लागूं दिलें नाहीं. १९२३ सालीं एकुलता पुत्र गोविंद कुत्रें चावल्यामुळें वारला, ती वार्ता कोंकणांत कीर्तन चालू असतां बाबांस पोंचली. क्षणभर थांबून त्यांनीं कीर्तन पुरें केलें. या धैर्यापुढें आपण मान लववितों. परंतु त्याच रात्रीं कुंताबाई काय करीत असेल, हेंहि मनांत आणावें. मोठ्या कार्याच्या मागें ज्या स्त्रिया मुकाट्यानें सोसतात, त्यांचें नांव चरित्रांत क्वचितच येतें. मद्यप्याच्या घरांतल्या स्त्रियांचें तर कोठेंच येत नाहीं.

बाबांचें कीर्तन हें पंडिताचें प्रवचन नव्हतें. ते वऱ्हाडी बोलींत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर घेत. देव नवसाला बोकड मागतो काय, दारूनें कोणाचें घर वर आलें काय, कर्ज काढून केलेल्या लग्नानें कोणाचें भलें झालें काय, असें विचारीत विचारीत ते लोकांना अशा जागीं आणून सोडीत कीं हजारों मुखांतून एकच नकार निघे. जेवणाचें ताट विकावें लागलें तरी विकावें, हातावर भाकर घेऊन खावी, परंतु मुलांस शिकविल्यावांचून राहूं नये, हा त्यांचा आग्रह असे. तिरस्काराची भाषा मात्र दारुड्याच्या वांट्यास कधीं येत नसे. दारुड्याचा मुलगाच बोलत होता; ज्याच्यावर प्रेम केलें आणि ज्याची लाज वाटली, त्या बापाची आठवण त्या शब्दांमागें होती. गांवानें सर्वांदेखत एकत्र नकार दिल्यामुळें दुसऱ्या दिवशीं एकट्या माणसास नकार देणें सोपें जाई. हें त्या कीर्तनाचें मर्म होय.

जें रुपयांच्या रूपानें आलें तें त्यांनीं दगड-चुन्याच्या रूपानें परत केलें. ऋणमोचन येथें घाट झाला. पंढरपुरास चोखामेळ्याच्या नांवानें अस्पृश्य मानलेल्या यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा झाली. १९४९ सालीं ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या शिक्षणसंस्थेच्या हवालीं करण्यांत आली. नाशिक, आळंदी, देहू येथें धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि मुंबईस जे. जे. रुग्णालयापाशीं खेड्यापाड्यांतील रोग्यांच्या नातलगांची सोय झाली. स्वतः मात्र बाबा या इमारतींत सुखानें राहिले नाहींत.

आपला हा ठाणें जिल्हाहि त्या काळीं या प्रश्नापासून दूर नव्हता. १९२१-२२ सालीं येथल्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ डोंगरपट्टींतून दक्षिण गुजराथेपर्यंत गेली, आणि हजारों आदिवासींनीं दारू व ताडी यांचा त्याग केला. दारूचा पिठेवाला व सावकार हे पुष्कळदां एकच असत. म्हणून त्या त्यागांत धर्माइतकीच पोटाची व मानाची गोष्ट होती. पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. कायद्यानें दुकानें बंद झालीं, तरी खाडीकांठच्या हातभट्ट्या पेटत राहिल्या, हें आपल्या वडील मंडळींनीं पाहिलेलें आहे. कायदा दुकानाला कुलूप लावूं शकतो. घरच्या पंक्तीची रीत मात्र घरांतल्या माणसांनींच बदलावी लागते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजीं बाबांचें शेवटचें कीर्तन झालें, तें वांद्र्यास, पोलीस ठाण्याच्या आवारांत. तें ध्वनिमुद्रित झालें असून आजहि ऐकावयास मिळतें. प्रकृति अगदीं क्षीण झाली होती. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनीं, २० डिसेंबर १९५६ रोजीं, अमरावतीकडे मोटारीनें जात असतां वलगांवजवळ पेढी नदीपाशीं बाबांचा प्राण गेला. अमरावतीस त्यांची समाधि आहे, आणि तेथील विद्यापीठास, ज्यानें शाळा पाहिली नाहीं अशा या पुरुषाचें नांव आहे.

या चरित्राशेजारीं ठेवण्यासारखें दुसरें एक चरित्र आपल्या ख्रिस्तसभेंत आहे. ज्या १८८४ च्या सुमारास वऱ्हाडांत झिंगराजी मेला, त्याच १८८४ सालीं आयर्लंडांतील डब्लिन शहरीं मॅट टॅलबट नांवाचा अठ्ठावीस वर्षांचा मजूर दारूच्या दुकानाबाहेर उभा होता. बाराव्या वर्षापासून तो पीत आला होता. एकदां तर एका भटक्या वादकाचें फिडल चोरून तें त्यानें दारूपायीं गहाण टाकलें होतें. त्या दिवशीं खिशांत दमडी नव्हती. ज्या सोबत्यांना त्यानें अनेकदां पाजलें, त्यांपैकीं एकानेंहि त्यास आंत बोलाविलें नाहीं. तो तसाच घरीं आला, आईस आपला निश्चय सांगितला, आणि धर्मगुरूपुढें व्रत घेतलें. प्रथम तीनच महिन्यांचें, मग वाढवीत जन्माचें. त्या वादकाचा त्यानें अनेक वर्षें शोध केला. तो सांपडला नाहीं, तेव्हां त्याच्यासाठीं मिस्सा करविल्या. ७ जून १९२५ रोजीं मिस्सेला जातांना रस्त्यांतच त्यास मरण आलें, तोंवर एकेचाळीस वर्षें त्यानें दारूस स्पर्श केला नव्हता. १९७५ सालीं ख्रिस्तसभेनें त्यास आदरणीय ही पदवी दिली.

झिंगराजीस पाजणारे पुष्कळ मिळाले आणि तो बुडाला. टॅलबटला त्या एका दिवशीं पाजणारा कोणी मिळाला नाहीं आणि तो वांचला. त्या सोबत्यांच्या मनांत परोपकार मुळींच नव्हता. तरी त्यांच्या न पाजण्यांतून देवानें एवढें साधलें. मग जो शेजारी, भाऊ किंवा यजमान प्रेमानें, समजून-उमजून पाजीत नाहीं, त्याच्या हातून किती साधेल बरें ?

येथें कोणी म्हणेल कीं, काना गांवच्या लग्नांत आपल्या प्रभूनेंच द्राक्षारस पुरविला. खरें आहे, आणि द्राक्षारस हें मूळचें पाप होय, असें ख्रिस्तसभा शिकवीत नाहीं. परंतु त्या लग्नांत पवित्र मातेची नजर यजमानाच्या उणिवेकडे होती. तीच नजर घेऊन आपण आपल्या पंक्तींकडे पाहावें. बाप्तिस्म्याच्या जेवणांत, उंबराच्या पाण्याच्या रात्रीं, नाताळांत किंवा मयताच्या घरीं, सहा महिन्यांपूर्वीं दारू सोडलेला एखादा भाऊ कोपऱ्यांत बसलेला असतो. त्याच्या हातांत पेला देऊन, एकानें काय होतें, असें म्हणणारा मनुष्य वाईट नसतो. परंतु ज्या एका पेल्यानें दुसऱ्यांस कांहीं होत नाहीं, त्यानेंच या भावाची सहा महिन्यांची तपश्चर्या धुळीस मिळते.

आज वैद्यकशास्त्र मद्यासक्तीस रोग मानतें, आणि हें जाणून घेणें अवश्य आहे. अनेक वर्षें रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केली, तर हातपाय कांपणें, भ्रम होणें, झटके येणें असे प्रकार होतात, व कधीं प्राणावरहि बेततें. म्हणून शपथेआधीं डॉक्टरकडे जावें. १९३५ सालीं अमेरिकेंत ॲक्रन या गांवीं दोन मद्यप्यांनीं एकमेकांना सांवरीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना सुरू केली. एका दिवसापुरतें न पिण्याचा निश्चय करावा, आणि आपल्यासारख्या दुसऱ्यास हात द्यावा, हा तिचा मार्ग. ती १९५७ सालीं भारतांत आली. पुढें १९८१ सालीं, जेथें बाबांचें शेवटचें कीर्तन झालें त्याच वांद्र्यांत, माउंट कार्मेल चर्चमध्यें फादर जो परेरा यांनीं कृपा फाउंडेशन स्थापिलें. बाबांच्या कीर्तनांतलें मर्मच या सभांत आहे : एकट्याचा नकार दुबळा असतो, सर्वांचा मिळून झालेला नकार टिकतो.

घरच्यांचें कर्तव्य अवघड आहे. त्याचीं कर्जें गुपचुप फेडूं नयेत, त्याच्यासाठीं कामावर खोटीं कारणें सांगूं नयेत, आणि त्यास टाकूनहि देऊं नये. तो सभेस निघाला तर बरोबर चालावें. तो घसरला तर मागचे सगळे दिवस व्यर्थ गेले असें म्हणूं नये. टॅलबटचें पहिलें व्रतहि तीनच महिन्यांचें होतें. आणि ज्या पत्नीनें, ज्या आईनें हें सोसलें आहे, तिच्यासाठींहि कोणीतरी दार उघडें ठेवावें. तिलाहि सोबत लागते.

आपला महोत्सव आनंदाचा आहे, पंक्ति तर बसणारच. त्या पंक्तींत निदान एक मेज असें असावें, जेथें सरबत व शहाळीं यांवांचून दुसरें कांहीं नसेल, आणि जेथें धर्मग्रामांतील मानाचे लोक आधीं येऊन बसतील, म्हणजे दारू सोडलेल्या भावास तेथें बसण्याची लाज वाटणार नाहीं. आलोकेच्या बारशांत एका गरीब परटानें एकट्यानें जें केलें, तें आपण सर्वांनीं मिळून करणें कठीण नाहीं. जे अजून त्या अंधारांत आहेत त्यांना परमेश्वर बाहेर काढो, जे बाहेर आले आहेत त्यांना आजचा दिवस निभावून नेवो, आणि आपल्या हातून कोणाच्याहि हातांत तो पेला न जावो. आमेन.